रक्त तुमचं, नोंद काकांची

छाया कळंबे यांना सात महिन्यांपासून धड झोप नव्हती आणि ही गोष्ट कोणत्याही सरकारी कागदावर नव्हती. त्यामुळे शासनाच्या दृष्टीने त्या झोपत होत्या.

वय एक्केचाळीस. भर माघात त्यांना एकदम कानशिलं तापून पंखा लावावा लागे आणि पाचच मिनिटांनी शाल शोधावी लागे. त्या घरी ब्लाउज शिवत. हल्ली मशीनवरून उठताना गुडघे कुरकुरत, आणि काज करताना उगाच डोळे भरून येत. पाळी तर गेल्या वर्षीच थांबली होती. यावर जाऊबाईंनी "आता वयच झालं" असं सांगितलं, मेडिकलवाल्याने गॅसची गोळी दिली आणि यजमानांनी मोबाइलमधून मान वर न करता "होते असं" असं मत नोंदवलं.

यजमान अरविंद कळंबे हे पांढुर्ण्याच्या एका सरकारी शाळेत भूगोल शिकवत. तेही थकलेले असत. फरक एवढाच, की त्यांचा थकवा जाहीर होता. शाळेतून आले की "मायं अंग काही चालून नाही राह्यलं" असं म्हणून ते सोफ्यावर आडवे होत, जेवायला उठत आणि पुन्हा सोफ्यावर जात. एका घरात दोन थकलेली माणसं परवडत नाहीत, म्हणून ती जागा त्यांनी आधीच धरून ठेवली होती.

अशा शांततेच्या काळात अभियान आलं.

पांढुर्णा जिल्हा होऊन फार वर्षं झाली नव्हती. नव्या जिल्ह्याला काहीतरी करून दाखवणं भाग होतं. पण मोतीबिंदू, क्षय, कुपोषण अशी चांगली चांगली अभियानं जुन्या जिल्ह्यांनी आधीच उचललेली. नव्या जिल्ह्याच्या वाट्याला संप्रेरकं आली. मूळ आदेशात "पुरुष व महिला यांच्यातील लैंगिक संप्रेरकांची कमतरता" असं स्वच्छ लिहिलं होतं. मात्र त्यासोबत फक्त परिशिष्ट अ, म्हणजे पुरुषांचं प्रपत्र, जोडलेलं होतं. महिलांचं परिशिष्ट ब मागाहून येणार होतं. अभियानाचे नोडल अधिकारी दत्तात्रय बोबडे हे नियमाने चालणारे गृहस्थ. कागद नाही तर आजार नाही, अशी त्यांची धारणा होती. त्यांनी अभियान पुरुषांपुरतं सुरू केलं.

एक ऑटो भोंगा लावून स्टेशनपासून बाजारापर्यंत फिरू लागला. "लाजू नका! थकवा, निरुत्साह, इच्छा कमी होणे, चिडचिड... पुरुषांनो, पुढे या!" पुरुष मागे गेले. पहिल्या दोन दिवसांत तंबूत एकच पुरुष आला आणि त्याला बँकेचा पत्ता हवा होता.

बोबडे साहेबांनी मग तपासणी सक्तीची केली. संप्रेरक पावती नसेल तर कर्मचाऱ्याचं हजेरीचं अ‍ॅप उघडणार नाही आणि शेतकऱ्याला येत्या हंगामात खताची चिठ्ठी मिळणार नाही.

आता आमच्या भागात रांगेचं काम बायकांकडे असतं. रेशनची रांग, गॅसची रांग, केवायसीची रांग, सासऱ्यांच्या पेन्शनसाठी ते जिवंत असल्याच्या दाखल्याची रांग. अरविंद सरांना स्वतःचा समग्र आयडी, म्हणजे सरकारी कुटुंब-नोंदणीचा नंबर, ठाऊक नव्हता. छायाबाईंना त्यांचा, वेगळं राहणाऱ्या सासऱ्यांचा आणि दिराचाही तोंडपाठ होता. त्यामुळे पुढचं बोलणं अगदी सहज झालं.

"उद्या सकाळी उपाशीपोटी जाजो जरा," अरविंद सर म्हणाले. "ते रक्ताचं काम हाये माझं."

"रक्त तुमचं द्याचं हाये ना?"

"हो ना. म्हणून तर सांगून राह्यलो, माझ्या नावानं देजो."

"अहो, पण..."

"आता त्या रांगेत मी उभा राह्यलो अन् एखाद्या पोट्ट्यानं पाह्यलं, तर वर्गात नकाशा दाखवू का तोंड लपवू? अन् सकाळी सातचं काम हाये. तुले तशीही झोप नाही."

हे शेवटचं वाक्य छायाबाईंनी लक्षात ठेवलं. त्यांना झोप नाही हे यजमानांना माहीत होतं, एवढं तरी त्यातून कळलं.

सकाळी सात वाजता पुरुष संप्रेरक तपासणी शिबिरात दोनशे चौदा जण रांगेत होते. सगळ्या बायका होत्या. शेजारच्या सावरगावहून आलेल्या शकुबाईंना नवरा, सासरा आणि भासरा, म्हणजे थोरला दीर, अशा तिघांचं रक्त द्यायचं होतं. त्यांनी दोन्ही दंड आधीच मोकळे करून ठेवले होते.

टेबलावर ऋषिकेश नावाचा ऑपरेटर बसला होता. दोन लेकरांचा बाप, सज्जन माणूस. पण त्याचं सगळं लक्ष पडद्याकडे होतं.

"नाव?"

"अरविंद कळंबे."

"ओटीपी सांगा काकू."

ओटीपी छायाबाईंच्याच मोबाइलवर आला, कारण सरांच्या मोबाइलचा तो उपयोग नव्हता. ऋषिकेशने आकडे टाकले. पडद्यावर हिरवी खूण आली. हिरवी खूण आली म्हणजे समोर अरविंद कळंबे बसले आहेत, हे सिद्ध झालं.

"भाऊ, रक्त त्याह्यचं नाही, माझं घेऊन राह्यले तुम्ही," छायाबाई म्हणाल्या. त्यांना वाटलं, सांगितलेलं बरं.

"चालते काकू. परिवार आयडी एकच हाये ना? ओटीपी बरोबर पाह्यजे, बाकी चालते."

"मग माझंच तपासून द्या ना बाप्पा. मले झोप नाही येत. अंगातून वाफा निघून राह्यल्या..."

ऋषिकेशला खरंच वाईट वाटलं. त्याने पडदा वर-खाली करून पाहिला. "तुमचा कॉलम नाही ना काकू. परिशिष्ट ब आलं की पाहू. आता रक्त तुमचं, नोंद काकांची."

आठवड्याभरात निकाल आले. निरोगी पुरुषाचं टेस्टोस्टेरॉन साधारण तीनशेच्या वर असतं. अरविंद कळंबे यांचं अठरा भरलं. शेजारच्या किराणावाल्याचं बावीस, हेडमास्तरांचं पंधरा. शकुबाईंच्या घरी नवरा चोवीस, सासरा तेवीस आणि भासरा चोवीस. एकाच घरातल्या तीन पुरुषांत एवढा एकोपा पाहून प्रयोगशाळेने "आनुवंशिक?" असा शेरा मारला. पांढुर्णा तहसिलीची सरासरी एकवीस निघाली आणि जिल्ह्यात तळाचा क्रमांक मिळाला. क्रमांक पहिला मिळाला ही गोष्ट बोबडे साहेबांनी कळवली, कुठून पहिला ते कळवलं नाही.

सौंसर तहसिलीची सरासरी मात्र बावीस आली. त्याचं कारण असं, की तिकडे बोरगावच्या बाजूला तीन पटवारी बिनलग्नाचे होते. त्यांना पाठवायला घरी कोणी नव्हतं, म्हणून ते बिचारे स्वतः गेले. तेवढ्या जोरावर सौंसरवाले चहाच्या टपरीवर म्हणू लागले, "जिल्हा तुमच्याकडं, हार्मोन आमच्याकडं." सावरगावच्या पोरांनी तर निरोप धाडला, की यंदा गोटमारीत, म्हणजे दोन गावांच्या पोळ्यानंतरच्या दगडफेकीत, पांढुर्णेवाल्यांसाठी दगड जरा हलके निवडू. स्वतः सावरगावची सरासरी तेवीस होती, पण तेवीस हे एकवीसपेक्षा जास्तच.

पांढुर्ण्याच्या प्रत्येक पुरुषाला ठाऊक होतं, की रक्त आपलं नाही. बोलला कोणीच नाही. बोलायचं तर आधी बायकोला पाठवलं होतं हे सांगावं लागलं असतं. शिवाय कागदात ताकद असते. अठरा हा आकडा लाल अक्षरात पाहिल्यावर अरविंद सरांच्या पायातली शक्ती खरोखरच गेली. ते कठड्याला धरून जिना उतरू लागले.

अठराचे फायदेही होते. "अत्यल्प" श्रेणीतल्या कर्मचाऱ्यांना सर्वेक्षणाच्या कामातून सूट मिळाली. त्यांच्या घरी बदाम, खजूर आणि एक पत्रक आलं. पत्रकात लिहिलं होतं: रुग्णास पूर्ण विश्रांती द्यावी. रुग्णाशी वाद घालू नये. घरातील ताण इतर सदस्यांनी घ्यावा. कळंबे यांच्या घरी इतर सदस्य एकच होता. छायाबाई पहाटे बदाम सोलू लागल्या. सर ते चमच्याने खात आणि "थोडी विलायची टाकजो" असं क्षीण आवाजात सुचवत. महिन्याभरात छायाबाईंचा "आदर्श काळजीवाहक" म्हणून श्रीफळ देऊन सत्कार झाला. प्रमाणपत्रावर "श्रीमती अरविंद कळंबे" असं नाव होतं.

सहा आठवड्यांनी फेरतपासणी झाली. छायाबाईच गेल्या. या वेळी चौदा आलं. उपचारांना प्रतिसाद नाही, उलट घसरण आहे, हे पाहून बोबडे साहेब गंभीर झाले. त्यांनी इंजेक्शनची मागणी केली आणि ती मंजूर झाली.

"उद्या सुई हाये," छायाबाईंनी घरी सांगितलं.

अरविंद सरांनी एक बदाम तोंडात टाकला. "मले सुईचा तरास होते. तुले माहीत हाये."

"मंग?"

"तूच घेऊन ये ना."

छायाबाईंनी बदामाची वाटी उचलून नेली. त्यांना राग आला होता, पण रागावायलाही थोडी झोप लागते. दुसऱ्या दिवशी सवयीने त्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. पुढे शकुबाई होत्या.

"मले तीन लागते व छाया," शकुबाई म्हणाल्या. "दोन या दंडात, एक त्या दंडात. मालकाचं डाव्या बाजूनं घेतो."

इंजेक्शनच्या टेबलावर डॉक्टर अमृता होत्या. महिन्याभरापूर्वीच बदलून आल्या होत्या, त्यामुळे पडद्याऐवजी माणसाकडे पाहायची त्यांची सवय अजून मोडली नव्हती. रांग पाहून त्यांनी पहिल्याच बाईला थांबवलं, शकुबाईंना बाकावर बसवलं आणि छायाबाईंना पुढे बोलावलं.

"अरविंद कळंबे कोण?"

"मी."

"तुम्ही?"

"त्याह्यच्या नावानं."

"आणि रक्त?"

"तेही मीच दिलं. दोन्ही टायमाले."

डॉक्टरांनी सुई खाली ठेवली. रांगेवरून एकदा नजर फिरवली आणि ट्रे झाकून टाकला. "ताई, हे पुरुषांचं औषध आहे. हे टोचून घेतलं असतं तर आवाज घोगरा झाला असता, ओठावर लव आली असती. आणि तुम्हाला जे हवंय ते मिळालंच नसतं." मग त्यांनी विचारलं, "तुम्हाला स्वतःला काय होतंय?"

हा प्रश्न त्यांना आजवर कोणी विचारला नव्हता. छायाबाई रडायला लागल्या. मागे रांग आहे हे आठवून त्यांनी लगेच माफीही मागितली. मग झोप, वाफा, गुडघे, सगळं सांगितलं. पाळी थांबून दहा महिने झाले, तेही सांगितलं.

"एक्केचाळिसाव्या वर्षी हे जरा लवकर आहे," डॉक्टर म्हणाल्या. "बाईच्या शरीरातलं इस्ट्रोजेन कमी झालं की झोप जाते, असे गरम झटके येतात, मन लागत नाही. हाडं आतून ठिसूळ होत जातात, ते तर मोडेपर्यंत कळतही नाही. याला वय झालं म्हणून सोडून द्यायचं नसतं. थायरॉइड बघू, हाडांची तपासणी करू. औषधं आहेत याला."

"म्हणजे हे खरंच हाये? मले वाटे मीच बह्याड होऊन राह्यली."

"खरं आहे. फक्त तपासणीसाठी तुमच्या नावाची नोंद लागेल. परिशिष्ट ब आल्याशिवाय मशीन नाव घेत नाही."

डॉक्टरांनी मग निरोप धाडून अरविंद सरांना प्रत्यक्ष बोलावलं आणि सकाळी त्यांचं रक्त काढलं. टेस्टोस्टेरॉन पाचशे बारा निघालं.

"ठणठणीत आहात," डॉक्टरांनी सांगितलं. "कमतरता खरी असते तेव्हा पुरुषांनाही खूप त्रास होतो आणि लाजून ते तपासत नाहीत. तुम्हाला ती नाही. संध्याकाळी चाला, मोबाइल लवकर ठेवा, आणि बदाम बायकोला द्या."

सरांना मोठा धक्का बसला. अठरा आणि चौदावर ते दोन महिने सुखाने जगले होते. घरी येऊन ते सोफ्यावर बसले, पण टेकून बसायचा संकोच वाटू लागला.

डॉक्टरांचा अहवाल बोबडे साहेबांकडे गेला. साहेबांनी चौकशी समिती नेमली. समितीने दोन बैठकांत निष्कर्ष काढला, की अभियान निर्दोष आहे, प्रपत्र निर्दोष आहे, ओटीपीही निर्दोष आहे. दोष रक्ताचा आहे. सहा हजार बायकांनी पुरुष असल्याचं भासवून शासनाची दिशाभूल केली आहे. सगळ्यांना कारणे दाखवा नोटीस निघाली. छाया कळंबे यांच्या स्वतःच्या नावाने आलेला हा पहिला सरकारी कागद. त्यांनी तो दोनदा वाचला आणि शिवणकामाच्या डब्यात जपून ठेवला.

उत्तर त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं: "महोदय, रक्त माझं होतं हे खरं आहे. ते माझ्या नावाने द्यायला मी तयार होते, तशी विनंतीही केली होती. परिशिष्ट ब यायचं होतं. ता. क. मला अजून झोप नाही."

फाइलवर शेरा पडला: "उत्तर असमाधानकारक. झोपेचा मुद्दा या कक्षाशी संबंधित नाही."

आणि मग मे महिन्यात परिशिष्ट ब आलं. सोबत बोबडे साहेबांचा खास आदेश होता. बायकांचा प्रपत्रांबाबतचा पूर्वानुभव पाहता, महिलांची माहिती त्यांच्या पतीने स्वतः, प्रत्यक्ष हजर राहून भरावी. पत्नीस शिबिरस्थळी येण्यास मनाई. रांगेत मोबाइल वापरण्यास मनाई. शिबिर एकच दिवस, अंतिम मुदत त्याच दिवशी सायंकाळी पाच, त्यानंतर पोर्टल वर्षभरासाठी बंद.

सकाळी नऊपासून पांढुर्ण्याचे पुरुष आयुष्यात पहिल्यांदा रांगेत उभे राहिले. अरविंद सरही होते. जायला कोणी सांगितलं नव्हतं, हे इथे नमूद केलं पाहिजे. डोक्याला पंचा बांधून ते पाच तास उन्हात उभे राहिले आणि दोन वाजता टेबलापाशी पोचले.

"काकूचं नाव?" ऋषिकेशने विचारलं.

"छाया अरविंद कळंबे." सरांनी हे खणखणीत सांगितलं.

"शेवटची पाळी, तारीख?"

सरांनी पंचा सोडून घाम पुसला.

"गरम झटके कधीपासून?"

सरांनी पंचा पुन्हा बांधला.

"झोप कधीपासून नाही?"

"लय दिवसांपासून," सर हळू आवाजात म्हणाले.

"लय दिवस घेत नाही ते काका. महिना टाका लागते. कॉलम रिकामा राह्यला तर फॉर्म पुढं जात नाही."

सरांनी मागे पाहिलं. मागे शंभर-सव्वाशे पुरुष होते. कोणी बोटं मोजत होतं, कोणी आभाळाकडे पाहत होतं. हेडमास्तर किराणावाल्याला हळूच काहीतरी विचारत होते, जणू उत्तर त्याला ठाऊक असणार होतं.

कागद हातात घेऊन सर भर उन्हात घरी आले. दार नुसतं लोटलेलं होतं. हाक मारायला त्यांनी तोंड उघडलं आणि तसेच थांबले. छायाबाई मशीनवर डोकं टेकून झोपल्या होत्या. हातात अर्धवट शिवलेली बाही होती. घरात बदाम मागणारं कोणी नव्हतं, कुठल्या रांगेत जायचं नव्हतं. असं कितीतरी दिवसांनी घडलं होतं. घड्याळात तीन वाजले होते.

उठवलं तर तारीख कळणार होती. न उठवलं तर वर्षभर तपासणी नव्हती. सरांना आयुष्यात प्रथमच आपण कामाचे नाही आहोत असं वाटलं आणि ते मनापासून वाटलं. ते सोफ्यावर बसले. समोर भिंतीवर कॅलेंडर होतं. त्याच सोफ्यावरून ते वर्षानुवर्षं त्या कॅलेंडरकडे सुट्ट्या पाहायला पाहत आले होते.

आज त्यांनी ते जवळ जाऊन एकेक पान उलटून पाहिलं. दूध आलं नाही, गॅस संपला, सरांचं रक्त, सरांचं रक्त पुन्हा, बदाम. त्यांच्या खाली पेन्सिलीने बारीक गोल काढलेले होते, जवळजवळ रोज एक. सरांनी ते कॅलेंडर उचललं. खाली त्याच खिळ्याला गेल्या वर्षीचं कॅलेंडर होतं. गोल मागे मागे जात जुलैपर्यंत गेले. पहिल्या गोलाशेजारी "झोप नाही" असं लिहिलं होतं. त्याआधी गोल नव्हते. तिथे दर महिन्याला एक फुली होती आणि जूनच्या नऊ तारखेला शेवटची फुली होती. मार्जिनमध्ये एका जागी लिहिलं होतं, "आज लय गरम झालं. सांगावं काय?" तारीख चौदा ऑगस्ट. त्यापुढे नुसते गोल होते.

सरांनी तारखा उतरवून घेतल्या. पेन्सिलीचं अक्षर त्यांना नीट दिसत नव्हतं, चष्मा दोनदा पुसावा लागला. पंख्याचा वेग एकाने वाढवला, दार आवाज न करता ओढून घेतलं आणि भर उन्हात पळत शिबिर गाठून पुन्हा रांग धरली. चार पन्नासला पडद्यावर हिरवी खूण आली. त्या दिवशी पांढुर्ण्यात परिशिष्ट ब पूर्ण भरणारे ते एकटेच निघाले. बाकीच्यांच्या घरी कॅलेंडर नव्हतं असं नाही.

तुमच्याही घरी असेल. वाचून हसणं झालं असेल तर जरा उठून पाहून घ्या. दुधाच्या नोंदीखाली बारीक खुणा असतात. त्यांचा अर्थ लागला नाही तर खुणा करणारीला विचारायला लाजू नका. वेळ कोणतीही असो, ती जागीच असेल.